बाबांनी पाय वर घेतले

बाबांना पुण्याहून नागपूरला घरी आणायचं होतं. माझ्या भावाकडे राहून ते नुसते सुकत चालले होते. रोज एकच धोशा, मले माह्या घरी ने. हृदय अधू, म्हणून रात्रभराच्या रेल्वेला डॉक्टरांनी साफ नाही म्हटलं. आणि विमानाला बाबांनी.

"उडायले मी काय पाखरू आहो?"

माझं डोकंच फिरलं. इतकी वर्षं मी नागपूरच्या हँगरमध्ये विमानाच्या चाकांच्या पायांवरच, म्हणजे लँडिंग गिअरवर, काम करते, अन् घरच्याच माणसाचा त्यावर भरवसा नाही! रागारागात तिकिटं काढली आणि त्यांना नेऊन बसवलं.

वर गेल्यावर बाबांनी माझा हात धरला. खाली ढग, खळ देऊन उन्हात ताणलेल्या सुतासारखे. त्यांचा हात गार पडलेला पाहून माझा राग कुठच्या कुठे गेला. मी हळूहळू सांगत राहिले. त्या जाड पायात तेल असतं, दाबून भरलेला वायू असतो, जमिनीचा धक्का तेच गिळतात. पाय खाली सोडणारा पंप रुसला तरी कडी सोडता येते, मग पाय आपल्याच वजनाने खाली येतात आणि तिथेच अडकून बसतात.

"अडकले हे चालवणाऱ्याले कसं समजते?"

"हिरवे दिवे लागतात, बाबा."

"हं," म्हणून त्यांनी डोळे मिटले. मलाही गुंगी आली. विमानाच्या घरघरीत आमचा जुना हातमाग कुठेतरी चालू असल्यासारखं वाटत राहिलं.

नागपूरजवळच्या बुटीबोरीच्या कारखान्यांची छपरं दिसू लागली तेव्हा पायांखाली धडधड झाली. चाकं बाहेर आली. बाबांनी डोळे उघडले आणि दोन्ही पाय उचलून अधांतरी धरले.

"बाबा, काहून पाय वर घेतले? दुखतील न."

"खाली कोणी बांधून राहिलं असन न वं."

आमचा माग खड्ड्याचा होता. बाबा काठावर बसत, पाय खड्ड्यातल्या, माग चालवायच्या पट्ट्यांवर. पट्टीची दोरी तुटली की लहानपणी मी खाली उतरून बांधायची, आणि तोवर बाबा पाय वर धरून बसायचे, चुकून माझ्या बोटांवर पट्टी दाबली जाऊ नये म्हणून. पाय भरून आले तरी ठेवायचे नाहीत. मी खालून 'झालं, बाबा' म्हणेपर्यंत नाही.

आता ते म्हातारे पाय थरथरत होते. खाली कोणी नसतं, हे समजावत बसले नाही. जमीन अगदी जवळ आली होती.

"झालं, बाबा," मी म्हणाले. "ठेवा पाय."

त्यांनी पाय टेकवले. मग चाकं टेकली.