पडलेला वाफा

भात संशोधनाच्या प्रयोगक्षेत्रावर सगळे त्यांना पट्टीवाले भिया, म्हणजे पट्टीवाले भाऊ, म्हणत. भाताची उंची मोजायची लाकडी पट्टी कायम त्यांच्या खांद्यावर असे, आणि ती त्यांच्या डोक्यावर हातभर जाई. मोजल्याशिवाय ते कशालाही होकार देत नसत. मल्हारगंजातून सायकलने यायचे, चपला बांधावर काढायच्या आणि थेट चिखलात उतरायचे.

त्या हंगामात भाताच्या दोन वाणांना नत्रखताच्या शून्यापासून वर अशा चार मात्रा देऊन पाहायच्या होत्या. बुटका वाण बाहेरून आलेला. उंच वाण माझा. सहा वर्षे निवड करून तयार केलेला. त्याची शिफारस व्हावी, एवढेच मला हवे होते.

युरिया टाकताना भिया म्हणत, "बुटक्याला खाऊ घाला, दाणे देतो. लंबूला घाला, तो अजून लंबू होतो." मग माझ्या उंचीकडे पाहत. मी हसत नसे.

दाणा भरत असताना सर्वाधिक मात्रेच्या वाफ्यातला माझा वाण साफ लोळला. दुसऱ्या दिवशी वाणांची शिफारस ठरवणारी समिती पाहणीला येणार होती. मी भियांच्या हाती सुतळी दिली. "चार-चार रोपांच्या जुड्या बांधून उभ्या करा."

त्यांनी सुतळी खिशात घातली. "साब, दारू पिऊन पडलेला माणूस खांबाला बांधला, तर तो शुद्धीवर आला असं लिहायचं का?"

"हा हुकूम आहे."

"हुकूम सर-आंखों पर. पण मी वहीत 'पडला' लिहून टाकलंय."

समितीने वाफा पडलेलाच पाहिला. मी आठवडाभर भियांशी बोललो नाही.

कापणीला त्यांनी तो वाफा स्वतः कापला. चिखलात रुतलेली लोंबीन् लोंबी वेचली. जास्त नत्रात बुटका वाण बराच पुढे निघाला. बिनखताच्या वाफ्यांत मात्र माझा. भियांनी ते धान्य दोनदा तोलले. "साब, तुमचा लंबू उपाशीपोटी जास्त काम करतो. हे पण लिहा ना!" समितीने ते मान्य केले; पडलेला वाफा लपवला नव्हता, म्हणून या आकड्यावरही तिचा विश्वास बसला. ज्यांना खत परवडत नाही, त्यांच्यासाठी माझ्या वाणाची शिफारस झाली.

स्वतःच्या निवृत्तीच्या दिवशी भियांनी मला पट्टी दिली. तिच्याभोवती तीच सुतळी गुंडाळलेली होती. "आपकी अमानत," एवढेच म्हणाले.

भिया आता नाहीत. नोकरीच्या कागदांत ते माझ्या हाताखाली होते, असे लिहिले आहे. ती नोंद चुकीची आहे.