बाईची टीम

पानठेल्यावर उभं राहून, गालात तंबाखूचा खर्रा धरून क्रिकेटची टीम निवडणारे पुरुष पाहिले की माझं डोकं फिरतं. याला काढा, त्याला घ्या, हा म्हातारा झाला, तो लाडका आहे. दर वाक्यागणिक एक पिचकारी. यांना कोणी विचारलं होतं, देव जाणे. टीम निवडावी तर आमच्या बाईने. बाई म्हणजे माझी मोठी बहीण. आमच्या भागात मोठ्या बहिणीला बाईच म्हणतात. तिने जन्मात एकही सामना डोळ्यांनी पाहिला नव्हता, आणि तरीही तिच्याइतकं क्रिकेट कळणारं माणूस मला आजवर भेटलेलं नाही.

आम्ही मोहाडीला राहत होतो. बाबा प्राथमिक शाळेत मास्तर, शिवाय धानाच्या दोन-चार बांध्या होत्या. घरात चामड्याच्या वेष्टणातला रेडिओ आला तो बातम्यांसाठी आणि शेतीच्या कार्यक्रमासाठी. क्रिकेट त्याच्या मागोमाग न बोलावता आलं आणि पाहुण्यासारखं हिवाळाभर राहू लागलं. बाई तेव्हा फ्रॉक सोडून नुकती परकरात आली होती, मी तिच्याहून चार-पाच वर्षांनी लहान. मैदान म्हणजे काय हे बाबांनी आम्हाला आंगणावरून समजावलं. तुळशीचा ओटा म्हणजे यष्टी, विहीर मिड-ऑफ, गोठ्याचं दार थर्ड मॅन, आणि न्हाणी म्हणजे शॉर्ट लेग. पुढे हिंदीतला समालोचक काहीही सांगो, आम्ही एकमेकींना सांगायचो, "गोठ्याकडे गेला, चार रन." माय चुलीजवळून ओरडायची, "गोठ्यात गेल्याच असान, त शेणही उचलून आना."

आमचा खेळ असा होता. कसोटीच्या पहिल्या दिवशी सकाळी समालोचक दोन्ही संघांची नावं वाचून दाखवी. मग ते बावीस जण आम्ही दोघी आपसात वाटून घ्यायचो. देश-बिश काही नाही. आपले आणि पाहुणे एकत्र, एक तू घे, एक मी घेते. माय आम्हाला लाखोरीची डाळ पाखडायला बसवी, आणि सुपं मांडीवर ठेवून आमची निवड चाले. ज्याला घेतलं त्याच्या नावाचा एक चिंचोका समोर ठेवायचा. बाईने तिचे चिंचोके दगडावर घासून एका बाजूने पांढरे केले होते, माझे काळेच होते. तोंडातून नाव निघालं की निघालं, परत घ्यायचं नाही. मग पाच दिवस आपल्या माणसांनी केलेल्या धावा आपल्या, आणि विकेटीचे वीस.

मी हावरट. शतकं ठोकणाऱ्यांवर आधी झडप घालायची. बाई मात्र सगळ्यात आधी यष्टिरक्षकाला घ्यायची. मला हसू यायचं. ती सुपातला खडा बाजूला टाकत म्हणायची, "रन त कोणीबी काढते, पोट्टी. दिवसभर उठबस करून शेवटच्या चेंडूलेही जो जागा राहते, तो पाह्य." तिची बाकीची पारखही अशीच कानाने केलेली. एका तडाखेबाज फलंदाजाला मी घेतलं तेव्हा ती म्हणाली होती, "घे खुशाल. पण त्याचं नाव आलं का तो रेडिओत सांगणारा हळूच श्वास सोडते. म्हणजे त्याचा भरवसा त्यालेच नाई." तो दोन्ही डावांत दहाच्या आत गेला. पाचव्या दिवशी बेरीज केली की बहुतेक वेळा बाईच पुढे असायची, आणि मी चिडून चिंचोके विहिरीत टाकायची धमकी द्यायची.

आणखी एक नियम होता, आणि तो बाईचा होता. खेळते तोच घ्यायचा. झालं असं, की माझा एक लाडका फिरकी गोलंदाज होता. आवाजावरूनच मी त्याच्या प्रेमात होते म्हणा ना. त्याच्या षटकात रेडिओवरचे लोकसुद्धा हळू बोलायचे. एका हिवाळ्यात तो निवृत्त झाला, त्याचं नाव यादीतून गेलं. तरी मी त्याच्या नावाचा चिंचोका मांडला. बाईने तो उचलला आणि माझ्या मुठीत ठेवला. "गेला तो. खेळते तोच घ्याचा." मी भोकाड पसरलं, जेवले नाही. संध्याकाळी ती ताट घेऊन माझ्याजवळ आली. म्हणाली, "मी आयकलं होतं ना त्याच्या शेवटच्या दिवशी. सारे लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. असं कोणी पोचवलं का मंग वाईट नाई वाटत. जेव आता." मी जेवले.

मॅट्रिक झाल्यावर बाईचं लग्न ठरलं. स्थळ अड्याळचं. मोठं घर, भरपूर धान, दोन बैलजोड्या. लोक वाईट नव्हते हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं वाचून कोणी त्यांच्या नावाने बोटं मोडायचं. तेव्हाच्या रीतीप्रमाणे नवरदेवाला घड्याळ, सायकल आणि रेडिओ द्यायचा होता. घड्याळ-सायकलीचं ऐकून बाबा नुसते मान हलवत होते, पण रेडिओ म्हटल्यावर त्यांचा चेहरा उजळला. भंडाऱ्याला स्वतः जाऊन, दुकानात चार रेडिओ वाजवून बघून, ज्यातून सगळ्यात स्वच्छ आवाज येत होता तो घेऊन आले. जावयासाठी कोणी इतकं करत नाही. ते पोरीसाठी रेडिओ आणत होते, हे आम्हाला सगळ्यांना कळत होतं.

लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून कसोटी सुरू होणार होती. हळद लागल्यावर बाईने मला न्हाणीमागे ओढत नेलं आणि आम्ही अंदाजानेच बावीस जण वाटून घेतले. तिचे चिंचोके हळदीने पिवळे झाले. मी विचारलं, "तू आयकशीन कशी?" तर म्हणते, "रेडिओ त माह्यासंगच येऊन राहिला ना वं. पाचही दिवस आयकीन." मांडवात आंदणाची भांडी मांडली होती, मधोमध हार घातलेला रेडिओ. भंडाऱ्याचा बँड असा वाजत होता की शेजारच्याचं बोलणं ऐकू येईना. नवरदेवाकडे बघायची तिला लाज वाटत होती, रेडिओकडे मात्र ती सारखी बघत होती.

अड्याळला रेडिओ छपरीत बसला, म्हणजे समोरच्या पडवीत, सासऱ्यांच्या खाटेवरच्या फळीवर. त्यांना तो फार आवडला. त्यांनी सुनेकडूनच त्याला कशिद्याचं कव्हर शिवून घेतलं. सकाळी भजनं, मग बातम्या, मग बाजारभाव. आणि सासरे छपरीत बसलेले असताना सुनेने तिथे पाऊल टाकायचं नाही, ही तर सगळ्याच घरांची रीत. सासरे दिवसभर छपरीतच बसायचे.

पहिल्या दिवाळीला ती माहेरी आली तेव्हा बाबांनी हात-पाय धुऊ देण्याआधीच विचारलं, "आवाज चांगला येते ना त्याचा?"

"येते ना बाबा," ती म्हणाली. "सुट्टीच्या दिवशी भाऊजी क्रिकेट लावते. रांधणीत गोंगाट आयकू येते. नावं तेवढे नाई येत."

बाबा म्हणाले, "मी सांगू का समधीले?"

"काय सांगान? का माही पोरगी तुमच्या खाटेजवळ बसून क्रिकेट आयकन म्हणून?"

आम्ही सगळेच हसलो, बाबाही हसले. मग ते उठून विहिरीच्या काठावर जाऊन बसले आणि दिवे लागेपर्यंत आत आले नाहीत. स्वच्छ आवाजाचा रेडिओ निवडणाऱ्या माणसाला तो कुठल्या फळीवर बसेल हे सुचलं नव्हतं. सोयरिकी जुळवण्यात केस पिकलेल्या आमच्या गावात तरी ते कोणाला सुचलं होतं?

त्यानंतर तीन-चार वर्षं ती आली की मी तिला सगळं सांगायचे. कोण आला, कोण गेला, कोणाचं बोट मोडलं. ती पोराला पाजता पाजता ऐकायची आणि जाताना मोहाडीच्या बस थांब्यावर आम्ही घाईघाईने टीमही वाटून घ्यायचो. मग बाबा गेले. मी शिकायला नागपूरला, पुढे नोकरीला नाकाडोंगरीच्या शाळेत. बाईला तीन लेकरं, सासू अंथरुणाला खिळलेली. आमची भेट व्हायची ती लग्नात नाहीतर तेरवीत, आणि तेरवीत यष्टिरक्षक कोण हे कसं विचारणार! आपण जग जिंकल्याची जिलेबी तिच्याही घरी आली होती म्हणे, तिनेच ताटल्यांतून वाटली. कोण खेळलं ते तिला कोणी सांगितलं नाही, आणि तिनेही विचारलं नाही.

नोकरीत स्थिर झाल्यावर मी एक छोटा ट्रान्झिस्टर घेतला. पदराखाली झाकेल एवढा. कसोटीचा पहिला दिवस बघून, रजा टाकून, सकाळच्या गाडीने थेट अड्याळ गाठलं. मला त्या दिवशी वाटत होतं की मी बाबांची चूक दुरुस्त करायला चालले आहे. धान चुरायचे, म्हणजे मळणीचे दिवस होते, घरचे सगळे खळ्यावर, सासूबाई झोपलेल्या. बाई मला मागच्या वाडीत घेऊन गेली. ट्रान्झिस्टर हातात दिला तर तिने आधी हात पदराला पुसले. वाळली होती, पुढचे केस पांढरे झाले होते. पण आत जाऊन ती पावडरचा एक डबा घेऊन आली, आणि त्यातून तिचे अकरा चिंचोके काढले. हळद अजून थोडी थोडी दिसत होती.

मी रेडिओ लावायला गेले, नावं ऐकायला. तिने माझा हात धरला.

"थांब वं. पाहुण्याईचे तू सांग. आपले मले माहीत हायेत."

आणि तिने सुरुवात केली. पहिला, अर्थातच, यष्टिरक्षक. तो कधीच निवृत्त झाला होता. तरी मी माझा एक काळा चिंचोका ठेवला. तिने दुसरा घेतला, एक सलामीचा फलंदाज. तोही गेलेला. मग एक फिरकीवाला, मग दुसरा, मग स्लिपमध्ये उभा राहणारा तो, ज्याच्या हातून काही सुटत नाही असं ती म्हणायची. प्रत्येक नाव ती अशी घेत होती की जणू काल संध्याकाळीच त्याला घरी परतताना पाहिलंय. डोळे लखलखत होते. मला वाटलं, एक तरी, देवा, एक तरी आज खेळत असू दे. एकही नव्हता.

सहाव्या चिंचोक्यावर तिने माझ्याकडे पाहिलं. समालोचकाच्या श्वासावरून माणूस ओळखणारी ती, माझं तोंड तिला कळणार नाही?

"कितीक गेले याईतले?"

"हायेत ना बाई," मी म्हटलं. "घे तू पुढचा."

तिने पुढचा घेतला नाही. ट्रान्झिस्टरचं बटण तिनेच फिरवलं. आवाज स्वच्छ होता. नावं वाचून झाली होती, खेळ सुरू झाला होता. पहिलं षटक तिने मान खाली घालून ऐकलं. गोलंदाज, फलंदाज, मागे उभा असलेला, अडवणारा, एकेक नाव येत होतं आणि तिच्या कपाळावर आठी पडत होती. परक्या गावात उतरलेलं माणूस पाट्या वाचतं, तशी ती ऐकत होती. षटक संपल्यावर तिने समोर मांडलेले चिंचोके एकेक करून उचलले आणि माझ्या मुठीत ठेवले.

"खेळते तोच घ्याचा," ती म्हणाली.

"बाई, आपण दोघीच त हावो. कोण पाहून राहिलं? राहू दे तुही टीम."

"नाई वं. नियम माहाच होय." मग तिने विचारलं, "याईच्या शेवटच्या दिवशी उभे राहिले होते का लोक? टाळ्या वाजवल्या?"

"हो. सगळ्यांसाठी वाजवल्या," मी म्हटलं.

"बरं झालं." ती हसली, खरंच हसली, आणि ट्रान्झिस्टर पदराने पुसत म्हणाली, "माह्या टायमाले त बँड वाजला होता."

मी तिचा हात धरला आणि ढसाढसा रडले. ती रडली नाही. माझ्या पाठीवर थोपटत राहिली, कान मात्र ट्रान्झिस्टरकडे होता. एवढ्यात समोरून बैलबंडीचा आवाज आला, माणसं खळ्यावरून परतली होती. तिने बटण फिरवून आवाज बंद केला, पदर सारखा केला आणि चहा ठेवायला आत गेली.