बसमागचा कॅमेरा

कोरोनाच्या दिवसांत हार्लेममधल्या आमच्या अरुंद गल्लीत रोज दुपारी शाळेची छोटी बस थांबायची. शेजारची मुलगी व्हीलचेअरसकट खाली उतरेपर्यंत काही गाडीवाल्यांना दम निघायचा नाही. फुटपाथवर चाक चढवून ते पुढे घुसायचे. शेवटी बसच्या मागे कॅमेरा बसला. तरीही बसचा उंच, मास्कवाला ड्रायव्हर थांबलेल्या प्रत्येकाकडे बघून आभारादाखल छातीवर हात ठेवायचा.

"आता कॅमेरा आहे, थांबतीलच की!" मी एकदा खिडकीतून म्हणालो.

"कॅमेरा न थांबणाऱ्यांना बघतो," तो म्हणाला. "थांबलेल्यांकडे कुणी बघायचं?"

एके दिवशी सायकलवरून येताना मीच बसमागे थांबलो. त्याने छातीवर हात ठेवला. सकाळपासून ऑफिसच्या ऑनलाइन मीटिंगांमध्ये माझा कॅमेरा चालूच होता. पण माझ्याकडे कुणी बघितलं, ते तेव्हाच.