पोरगा चालवून बघणारी भामाबाई

पालीच्या भामाबाईच्या नवऱ्याला मागे वळून बघायची सवय नव्हती. लग्नाच्या पहिल्याच वर्षी दोघं बीडच्या बाजारातून घरी निघाली. म्हाळू पुढे, ही मागे. मधल्या फाट्यावर हिने गुपचूप माहेरची वाट धरली. म्हाळू घरी पोचला, हातपाय धुऊन चुलीपाशी टेकला आणि ताट पुढे येईना तेव्हा कुठं त्याच्या ध्यानात आलं, की आपली बायको वाटेत कुठंतरी कमी झाली. भामाबाईने माहेरी राहून पाहुणचार झोडला आणि ही गोष्ट येईल-जाईल त्याला सांगितली. तेव्हापासून तिचं मत ठरलं ते ठरलंच. माणूस बसलेला बघू नये, चालताना बघावा. हे मत तिला कुणी विचारलं नव्हतं. पण भामाबाई विचारण्याची वाट बघणाऱ्यांतली नव्हती.

निजामाच्या अमलातली ही गोष्ट. म्हाळू जाऊन बरीच वर्षं झाली होती. आईबाप गेलेली नात, अंजना, भामाबाईने मेंढरांच्या दुधावर वाढवली होती. तिला उमापूरचं स्थळ आलं. मुलाचा बाप धुळाजी घोंगड्या विकायला एकदा हैदराबादेला जाऊन आला होता. तिथून त्याने दोन गोष्टी आणल्या होत्या: करकर वाजणारा नवा जोडा आणि ‘बिलकुल’ हा शब्द. दोन्ही तो सारखे वापरी.

पोहे झाले, पान झालं. धुळाजी म्हणाला, “मावशी, पोरगी बिलकुल पसंत हाय. पन एकदा चालवून दावा. लंगडती-बिंगडती का, बघितल्यालं बरं. मंग आजच सुपारी फोडू.”

“दावते की. पन अंगनात चार पावलं टाकून काय कळतंय, पाव्हनं? उद्या आवळीखालचं जेवन हाय. समदेच रानात चला. पोरगी चालंल, तुमी मागून बघा. सुपारी तितंच फोडू.”

त्या रानातली आवळी काही लांब नव्हती. दोन बिड्या ओढून होईपर्यंत वाट संपे. कडेवरून उतरलेली पोरंही ती हसतखेळत चालत. पण भामाबाईला त्या वाटेत बरंच काही बसवायचं होतं. उमापूर तिला लांब वाटत होतं. तिथे अंजना मागे राहिली तर कुणी वळून बघणार आहे का, एवढंच तिला सुपारी फुटायच्या आत कळायला हवं होतं. आणि मुलगा, सुग्रीव, पोह्यांच्या वेळी ‘हूं’च्या पुढे गेला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सगळे निघाले. वाट दाखवायला भामाबाई, तिच्या मागे रिकाम्या हाताने धुळाजी, त्याच्या बरोबरीने सुग्रीव. भाकरीचं गाठोडं डोक्यावर घेऊन सुग्रीवची आई रतनबाई पार मागे, अंजनाच्या सोबत. भामाबाईने एकदा वळून हे बघितलं आणि तिचा जीव खट्टू झाला. पोरगं बापावर गेलं होतं.

पांढऱ्या बुंध्याच्या कांडोळापाशी धुळाजीने सीताफळ तोडून खाल्लं, सालपटं तिथेच टाकली. आवळी तिथून उजवीकडे, हाकेच्या अंतरावर. भामाबाई डावीकडे वळली.

“मावशी, वाट बरोबर हाय न्हवं?”

“तुमाला काय वाटतंय, पाव्हनं?”

आता धुळाजी जातीचा मेंढका. मेंढक्याने रानात वाट कळत नाही म्हणायचं, म्हणजे भर बाजारात धोतर सुटल्यासारखं. “बिलकुल बरोबर,” तो म्हणाला. “असली रानं माझ्या तळहातावर हायती.”

टेकाडाला वळसा घालून मंडळी पुन्हा कांडोळापाशी आली. धुळाजी थबकला. “ह्या रानात कांडोळ लई दिसतेत. आन सीताफळं खानारी मान्संबी.”

सुग्रीवने सालपटं बघितली. मग बापाकडे बघितलं. मग भामाबाईकडे. ती झाडावरचा होला बघत होती, जणू तो प्रथमच दिसला.

सुग्रीव मागे आईकडे गेला, तिच्या डोक्यावरचं गाठोडं उतरवलं, दगडावरची धूळ हाताने झटकली आणि हळूच म्हणाला, “आये, तू बस हितंच. आमी फिरून हितंच येतो.”

अंजनाने पदराचा बोळा तोंडात कोंबला आणि तीही रतनबाईशेजारी बसली. वाट तिला पाठच होती.

खरं तर भामाबाईचं काम इथेच झालं होतं. पण जोडा इतका छान करकरत होता, की तिला आणखी एक वळसा घालायचा मोह आवरला नाही.

तिसऱ्यांदा कांडोळ आलं तेव्हा करकर थांबून फरफर सुरू झाली होती. झाडाखाली रतनबाई सीताफळ खात निवांत बसलेली. धुळाजीने डोळे चोळले.

“रतने, तू आमच्या म्होरं कशी पोचलीस?”

“उडत आले.”

अंजनाच्या तोंडातला बोळा सुटला. धुळाजी मुलाकडे वळला. “तुला ठावं व्हतं बे?”

“सालपटं बघून कळलं.”

“मंग बोलला कावून न्हाईस?”

“रान तुमच्या तळहातावर व्हतं की, दादा.”

भामाबाईने कनवटीची सुपारी काढून धुळाजीपुढे धरली. “फोडा, पाव्हनं. मला पोरगा पसंत हाय.”

“आन पोरीला चालवून दावायचं ऱ्हायलं की,” धुळाजी पुटपुटला. पण तोवर तो खाली बसून जोडा काढत होता, आणि टाचेचे फोड बघून त्याने तो विषय सोडून दिला.

आवळीखाली जेवणं झाली. उन्हं कलली तशी उमापूरची मंडळी निघाली. बैलगाडी ओढ्यापलीकडे उभी होती, तिथवर चालायचं होतं. पोरगी लंगडते का बघायला आलेला धुळाजी दोन्ही पायांनी लंगडत चालला होता, एका हातात जोडा, डोक्यावर सीताफळांचं गाठोडं. सुग्रीव त्याला धरून होता आणि दर चार पावलांना पालीकडे वळून बघत होता.

पुढे, रिकाम्या हाताने, रतनबाई चालली होती. तिने एकदाही मागे वळून बघितलं नाही.