शपथ सोडवायचं गाऱ्हाणं

आचऱ्याजवळच्या आमच्या किनाऱ्यावर तेव्हा रापण लागायची. समुद्रात लांबवर टाकलेलं मोठं जाळं दोन्ही बाजूंनी दोर धरून किनाऱ्याला ओढायचं, आणि त्याला अख्खी वाडी लागायची. आई पेजेचा टोप घेऊन निघाली की मी मागोमाग. ती ओली वाळू, पेजेची वाफ, दोर ओढणाऱ्यांची एका सुरातली आरोळी आठवली की आजही जीव कासावीस होतो.

थंडीत पाण्यातून वर आलेल्या नव्या पोराला जाणत्यांनी घोटभर दारू पाजायची, अंगात ऊब यावी म्हणून, अशी आमच्याकडे रीत. माझ्या भावाला पहिला घोट बाबांनीच दिला, तोही कौतुकाने. "झील माझो दोराक लागलो!" म्हणत सगळ्या वाडीभर मिरवले. ऊब तेवढ्यापुरती होती, दारू मात्र मुक्कामाला राहिली. विशी गाठायच्या आत सकाळी भावाचे हात थरथरायला लागले आणि दोर सुटला.

मग बाबांना देव आठवला. त्यांनी भावाला ग्रामदेवतेपुढे उभं केलं, नारळ ठेवला आणि शपथ घ्यायला लावली: पुन्हा शिवलो तर तुझा कोप. ती जत्रेपर्यंत टिकली. जत्रेत मित्रांबरोबर त्याने ती मोडली आणि घरातून उठलाच. होड्यांच्या खोपीत पडून राहायचा.

मी जेवण घेऊन गेले तर म्हणाला, "देवाची शपथ मोडलंय गो. आता पिलंय काय नि नाय पिलंय काय, सारख्याच."

बाबा घरात त्याचं नाव काढू देत नसत. मला दोघांचाही राग यायचा, आणि खरं सांगायचं तर देवाचाही.

आईने त्याला ओढतच सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हा आजार आहे. औषधं घे, दर आठवड्याला ये. पुन्हा प्यायलास तरी ये, लपू नकोस." भाऊ मान हलवून आला, पण पुन्हा खोपीतच शिरला. गोळ्या उशाशी तशाच पडून. देवाच्या कोपापुढे गोळी काय करणार, हेच त्याचं पालुपद.

तेव्हा आईने देवळात गाऱ्हाणं घालणाऱ्या, म्हणजे गावाच्या वतीने देवाला विनवणाऱ्या, म्हाताऱ्या गावकराला गाठलं. शपथ परत घ्यायला देवाला सांग म्हणाली. तो बिथरलाच. "शपथ घालूची गाराणी असतत, सोडूची नाय!"

"देवाक झील जितो होयो काय शपथ होयी, ताच इचार."

माझ्या आईचा आवाज मासळीबाजारात कमावलेला. त्यापुढे गावकराची काय बिशाद!

सोमवारी देवळात माणसं जमली. भाऊ मान खाली घालून उभा. बाबा खांबाआड, जणू आलेच नव्हते. गावकराने हात जोडले. "बा देवा म्हाराजा! ह्या लेकरान तुझी शपथ मोडली, ती तू परत घी. तेच्या मनातला कोपाचा भय काढ, औषधाक गुण दी रे म्हाराजा!"

यावर जमलेल्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं असतं, नाहीतर गाऱ्हाणं देवाला पोचत नाही. कुणी तोंड उघडेना. असलं गाऱ्हाणं आधी कुणी ऐकलंच नव्हतं.

खांबाआडून बाबांचा फाटका आवाज आला. "व्हय म्हाराजा!"

मग अख्खं देऊळ बोललं. मी तर रडत रडत ओरडले.

त्या दिवशी भाऊ घरी जेवला आणि गोळ्या सुरू झाल्या. रापणीवर बाबा नव्या पोरांच्या हातात पेजेची वाटी द्यायला लागले.

शिमग्यात भावाचा पाय पुन्हा घसरला. मला कळलं तशी मी खोपीकडे धावले. खोप रिकामी. घरी आले तर तो उंबऱ्यावर बसलेला, तोंडाला वास, डोळे लाल.

"आये," तो आत हाका मारत होता, "माका डाक्टरणीकडे घेऊन चल."

आईच्या आधी बाबाच चपला शोधायला लागले.