दसारामभाऊंचा बिघडलेला चाकू

रेखाचा फोन आला तेव्हा मी मुर्रीच्या माझ्या रोपवाटिकेत आंब्याच्या खुंटांना पाणी घालत होतो. रेखा ही दसारामभाऊंची एकुलती एक लेक. "काकाजी, बाबा गेले. चाय पेऊन बसले होते, बसल्या जागीच गेले," एवढंच ती म्हणाली. या गोष्टीला आता दीड महिना होईल. मधल्या काळात भाऊंवर लिहायला तीनदा बसलो आणि तीनदा उठलो. त्यांच्याविषयी खरं लिहायचं तर एक गोष्ट स्वतःविषयीही लिहावी लागते, आणि ती मिरवण्यासारखी नाही.

दसारामभाऊ लोहार. चोरखमाऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून त्यांचा भाता होता. धान कापायचे विळे, कुऱ्हाडी, फाळ ही रोजची कामं. पण लांबून माणसं यायची ती चाकूसाठी. मासे कापणारी, वांगी चिरणारी, चामडं सोलणारी, ज्याला जसा हवा तसा चाकू भाऊ घडवून द्यायचे. त्यांची एकच अट असायची. कसा हवा ते तोंडाने सांगायचं नाही, आधी त्यांच्यासमोर कापून दाखवायचं. एकदा गोंदियाचा एक हॉटेलवाला माझ्यादेखत आला आणि म्हणाला, "भैया, एकदम फर्स्ट क्लास चाकू चाहिए." भाऊंनी त्याच्यापुढे बटाटा ठेवला. "काप." तो हसला, "मैं कहाँ काटता हूँ, मेरा आदमी काटता है." भाऊ भात्याकडे वळत म्हणाले, "त मंग आदमीले धाड ना. तू कायले आला?" कापणारा कापत असताना भाऊंचं लक्ष बटाट्याकडे नसायचं. मनगट कसं वळतं, कोपर अंगाला चिकटतं की सुटतं, खांदा उचलतो का, हे ते पाहायचे. नंतर महिना-दोन महिने काही विचारायची सोय नव्हती. घाई करणाऱ्याला ते सरळ बाजाराची वाट दाखवायचे.

शाळेतून निवृत्त झाल्यावर मी रोपवाटिका काढली आणि एका विळ्याच्या निमित्ताने त्यांची ओळख झाली. मग दर रविवारी तिथे जाऊन बसायचं व्यसनच लागलं. वयाने ते माझ्याहून बारा वर्षांनी मोठे, त्यामुळे मी त्यांना 'भाऊ' आणि ते मला 'मास्तर, तू'. भात्याच्या बाजूला एक आंबा होता. खरं सांगायचं तर त्याला आंबा म्हणणं हा आंब्याचा अपमान; फळात रेषाच रेषा, आणि आंबट इतका की डोळे मिटावेत. पण लग्न होऊन आल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात भागाबाईंनी, म्हणजे भाऊंच्या पत्नीने, ती कोय पुरली होती. भागाबाई गेल्या, झाड राहिलं. तीन वर्षांमागे रस्ता रुंद करायचं ठरलं आणि झाडावर लाल रंगाचा पट्टा पडला. त्या रविवारी भाऊ नुसतेच ऐरणीशी बसून होते. मला पाहून म्हणाले, "मास्तर, हे झाड तं जाते आता. याची कलमं बांध. मांगच्या अंगणात लावतो." मी हो म्हणालो. त्यावर लगेच, "पण माह्या झाडाले बजारचा चाकू लावू नोको. मी करून देतो." आणि आंब्याची एक डहाळी माझ्यापुढे टाकली. "काप."

इथे माझी चूक झाली. मी डावखुरा आहे. लहानपणी छड्या खाऊन लिहायला आणि जेवायला उजवा हात शिकलो, पण चाकू आजही डाव्याच हातात जातो. तरी वडीलधाऱ्यांसमोर डावा हात पुढे करायचा नाही, हे अंगात इतकं मुरलेलं की काही केल्या जात नाही. भाऊ रोज सकाळी ऐरणीला उदबत्ती लावायचे. त्या ऐरणीसमोर, त्या माणसापुढे, माझा डावा हात उठलाच नाही. मी उजव्या हाताने डहाळी कापली, आणि बरी कापली. भाऊ थोडा वेळ बघत राहिले, मग म्हणाले, "असाच कापतं ना?" मी म्हणालो, "हो भाऊ."

कलमाच्या चाकूला एकाच बाजूने धार असते, दुसरी बाजू आरशासारखी सपाट. उजव्या हाताचा चाकू डाव्या हातात धरला की तो लाकडात सरळ जात नाही, बाहेर पळतो. काप वाकडा पडतो, खालचं रोप म्हणजे खुंट, त्याच्या आणि वर बांधलेल्या डहाळीच्या मध्ये फट राहते, तिच्यात पाणी शिरतं आणि कलम मरतं. हे मी लोकांना शिकवत असे! भाऊंनी दिलेला चाकू देखणा होता, तेंदूच्या काळ्या गाभ्याची मूठ, हातात धरला की ठेवू नये असा. श्रावणात चाळीस कलमं बांधली. चाकू हातात पळत होता ते कळत होतं, पण नवा आहे, बसेल हात, अशी मनाची समजूत घालत राहिलो. माझा जुना, डाव्या हाताचा बाजारचा चाकू खणात पडला होता. शब्द दिल्यामुळे त्याला हात लावला नाही. तीन आठवड्यांत चाळीसच्या चाळीस डहाळ्या काळ्या पडल्या.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तोंड लपवत भाऊंकडे गेलो. ते रागावले नाहीत. पुन्हा एक डहाळी टाकली, "घरी बांधतं तसा काप." या वेळी मी डाव्या हाताने कापली. भाऊंनी हातोडा खाली ठेवला.

"माह्यासमोर खोटं काऊन कापलं?"

"ऐरणीसमोर डावा हात कसा काढू, भाऊ..."

"ऐरण का तुही सासू होय लाजाले?"

मला हसू आलं आणि त्याच वेळी डोळेही भरले. झाड तोडणारे दोन दिवसांत येणार होते. कुणासाठी कधी घाई न करणाऱ्या त्या माणसाने लगेच भाता पेटवला आणि दिवस मावळायच्या आत डाव्या हाताचा चाकू माझ्या हातात दिला. चांगल्या डहाळ्या पहिल्याच खेपेत संपल्या होत्या. शेंड्याच्या बारीकसारीक मिळाल्या त्यांची अकरा कलमं बांधली, तीन जगली. झाड पडलं त्या दिवशी भाऊ रस्त्याकडे पाठ करून कुणाच्यातरी विळ्याला धार लावत बसले होते. मी बाजूला बसून होतो.

तेरवीला मांडवात भाऊंच्या आठवणी निघाल्या. शेजारचे सदाशिवराव म्हणाले, "भाऊचा जिंदगीत एकच चाकू बिघडला. मास्तरले देल्ला तो. तापल्या पात्याले पाणी देताना चुकलो, म्हणून भागाबाईच्या झाडाची कलमं गेली, असं सोताच सांगत जाय सगळ्यायले. होय ना मास्तर?" मी हादरलो. आपल्या चाकूला कुणी नावं ठेवली तर जेवण सोडणारा हा माणूस तीन वर्षं गावभर स्वतःच्या हाताला दोष देत फिरला होता, गावाने मला बोल लावू नये म्हणून. रेखा समोरच बसलेली, तिचाही त्यावर विश्वास. तिथल्या तिथे उठून खरं सांगायला हवं होतं. सगळे माझ्याकडे बघत होते... आणि मी होकाराची मान हलवली.

त्या मान हलवण्याने मला नीट झोपू दिलं नाही. मागच्या आठवड्यात रेखा त्या तिघांतलं माझ्याकडे राहिलेलं कलम न्यायला आली तेव्हा तिला बसवून पहिल्यापासून सगळं सांगितलं. तिने विचारलं, "तो चाकू आहे का अजून?"

होता. माझ्याकडे कलमं बांधणाऱ्या फुलाबाई उजव्या हाताच्या. दोन वर्षांपासून तो चाकू त्याच वापरतात. त्या तेव्हाही समोरच बांधत बसल्या होत्या. रेखाने त्यांच्याकडून चाकू मागून घेतला. भात्याशेजारी वाढलेली पोर ती; सपाट बाजू उन्हात धरून डोळ्यासमोर नेली, धारेवर अंगठा आडवा फिरवला, मग फुलाबाईंना विचारलं, "याची कलमं लागतात?"

"लागतात ना बाई. दुसऱ्या चाकूनं हातच चालत नाई माहा."

रेखाने चाकू पदराला पुसून परत दिला. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "पात्याचं पाणी बरोबर आहे, काकाजी. गावात सांगजा. सगळ्यायले सांगजा."

सांगतो आहे.