चिकटलेली पानं

पहिलीच्या बाईंची नोकरी सव्वीस वर्षांची. शाळा तपासणाऱ्या आधीच्या साहेबांना फक्त अक्षरांचे आवाज हवे होते. मुलं पानभर खडाखडा वाचायची, आणि गोष्टीत भूक कुणाला लागली होती असं विचारलं की बाईंच्या तोंडाकडे बघत बसायची. नवे साहेब आले ते अर्थाचं खूळ घेऊन. भिंतीवरचे अक्षरांचे तक्ते कपाटामागे गेले, चित्रांची पुस्तकं आली. "दोन्ही थोडं थोडं करू का?" असं बाईंनी विचारलं, तर 'सहकार्य नाही' असा शेरा मिळाला.

काल साहेब तपासणीला आले. पुढच्या बाकावरच्या मुलीने मांजराची गोष्ट घडाघडा वाचली. साहेब खूश झाले. बाईंनी मात्र पुस्तक हातात घेऊन त्यांच्यापुढे धरलं. मधली दोन पानं खळीने चिकटली होती. आतला मजकूर दिसतच नव्हता, तरी पोरीने तो शब्दन् शब्द म्हणून दाखवला होता.

"असू दे हो," साहेब म्हणाले. "अर्थ तर कळला ना?"

"आठवडाभर रोज मीच वाचून दाखवतेय, अर्थ न कळायला काय झालं?" बाई म्हणाल्या. "तिला वाचायला कधी शिकवू, तेवढं सांगा."